दोन बोटं उंच

मिलिमीटररावांना ‘साधारण’ या शब्दाचा मनस्वी राग होता. साधारण किती वाजता याल, साधारण किती साखर घालू, असं कुणी विचारलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. नोकरीच तशी होती म्हणा. इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयात ते तपासनीस होते. जिन्याची पायरी ठरल्यापेक्षा जराशी जरी उंच दाखवलेली असली तरी अख्खा नकाशा परत. एक वेळ शर्टाच्या खिशात पेन नसेल, पण पँटच्या खिशात मोजपट्टी असायचीच, ती गोल डबीतली, बटण दाबलं की सुर्रकन आत जाणारी. मिलिमीटरराव हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं. त्यांच्या कानावर आलं तेव्हा राग तर आला नाहीच, उलट जरा बरं वाटलं. सेंटिमीटर ठेवलं असतं तर मात्र भांडण झालं असतं.

तर अशा काटेकोर माणसाची गाडी रोज संध्याकाळी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात पोट घासत आत शिरायची, याला काय म्हणावं? इमारतीचं पार्किंग तळघरात. तळघरात उतरणाऱ्या उताराच्या तोंडाशीच सिमेंटचा एक उंचवटा होता. एका वर्षी पावसाचं पाणी आत शिरलं, तेव्हा सोसायटीच्या चेअरमननी स्वतः उभं राहून तो बांधून घेतला होता. पाणी पुन्हा आलं नाही. तेव्हापासून चेअरमन त्या उंचवट्याबद्दल अशा मायेनं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा धाकटा मुलगा आहे. त्यावर पिवळे-काळे पट्टे होते आणि ते वेळोवेळी नव्यानं रंगवले जात. मिलिमीटररावांची जुनी, बसकी गाडी त्यावरून जाताना खर्रर्र करायची. मग तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बायकोला म्हणायचे, “आले वाटतं मिलिमीटरराव. चहा टाक.”

ते खर्रर्रही त्यांनी सोसलं असतं. खरी गोष्ट आईची होती.

आईचे गुडघे कुरकुरायला लागून बराच काळ झाला होता. जुन्या गाडीची सीट इतकी खाली की त्यात बसणं म्हणजे पडणंच, आणि उठणं तर विचारूच नका. शेवटचं ती त्या गाडीतून उतरली तो प्रसंग इमारतीत अजून आठवला जातो. वॉचमन दोन्ही हात ओढत होता. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर पलीकडच्या दारातून आत वाकून मागून ढकलत होते. दातांच्या डॉक्टरांनी एक पाय धरला होता. का धरला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वरून कुणीतरी “एक, दोन, तीन” असंही म्हटलं. आई बाहेर आली, तिनं कपडे सारखे केले, सगळ्यांचे नीट आभार मानले आणि घरात येऊन जाहीर केलं, “यापुढे मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा ते मला कळणार नाही. तोवर चढेन तर माझ्या पायांनी, उतरेन तर माझ्या पायांनी. नाहीतर मी घरात बरी आहे.”

आणि ती खरंच घरात राहिली. सुरुवातीला कुणाला विशेष वाटलं नाही. पण तिची धाकटी बहीण, म्हणजे मिलिमीटररावांची मावशी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या नव्या घरात राहायला गेली आणि बैठकीच्या खोलीला तिनं हिरवे पडदे लावले. फोनवर ‘हिरवे’ ऐकल्याबरोबर आई म्हणाली, “चुकलीस.” तेव्हापासून दोघींचं रोज फोनवर त्यावरून चाललं होतं. मावशी म्हणायची, ये आणि बघ. आई म्हणायची, बघायला कशाला पाहिजे, हिरवा तो हिरवाच. मग फोन ठेवायची आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा मिलिमीटररावांनी विचारलं, “काय बघतेस गं?” ती म्हणाली, “काही नाही. तिच्या खोलीत ऊन कुठून येत असेल, त्याचा विचार करत होते.”

आईला मावशीच्या दारात तिच्या स्वतःच्या पायांनी उतरवायचंच, असा मिलिमीटररावांनी त्याच दिवशी निश्चय केला. माणूस मोजमापातला, त्यामुळे निश्चयाचंही माप काढलं. गाडी अशी हवी की तिचं पोट त्या उंचवट्याला लागणार नाही, आणि सीट अशी हवी की आईनं पाठमोरं होऊन नुसतं टेकायचं, पाय आत घ्यायचे की झालं. पहिल्या अटीसाठी गाडी उंच हवी आणि दुसरीसाठी नेमकी आईएवढी.

“आई, जरा दाराशी उभी राहा. माप घ्यायचंय,” ते मोजपट्टी काढत म्हणाले.

“कशाला?”

“गाडीसाठी.”

“माझं माप घेऊन गाडी शिवणार आहेस का?” असं म्हणत आई उठली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. फोटोला राहतात तशी, हनुवटी वर, नजर समोर. “लहानपणी मी तुला अशी उभी करून मोजायची, आठवतं? तू टाचा उचलायचास. मला दिसायचं सगळं. मी आपली एक बोट कमी धरायची.”

“आता बोलू नकोस, माप हलतं,” मिलिमीटरराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या कमरेखाली, जिथे सीटचा काठ यायला हवा तिथे, चौकटीवर पेन्सिलनं रेघ ओढली. रेघ अगदी सरळ होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची बायको काहीतरी बोलणार होती, पण सासूच्या तोंडाकडे बघून ती तशीच परत आत गेली.

इकडे इमारतीत बातमी फुटलीच. इमारतीत गुपित ठेवायचं असेल तर ते आधीच सगळ्यांना सांगून टाकावं, निदान चुकीचं तरी पसरत नाही. फाटकापाशी चेअरमन, मॅनेजर आणि दातांचे डॉक्टर अशी तिघांची रोजची बैठक असे. तिघेही अंगानं भरपूर आणि सल्ल्यानं त्याहून भरपूर. मॅनेजरांनी स्वतः कधी गाडी घेतली नव्हती, पण इतरांच्या गाड्यांना कर्ज दिलं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

“छोटी एसयूव्ही घ्या. सध्या सगळे तीच घेतात,” मॅनेजर म्हणाले.

“तीच घ्यायचीय. पण तिच्यात चार प्रकार आहेत आणि चारही प्रकारांची उंची वेगळी आहे,” मिलिमीटरराव म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “अहो, गाडी एक तर उंची एकच असणार ना,” चेअरमन समजूत घालत म्हणाले. “रंग वेगळे असतील. रेडिओ वेगळा असेल.”

“चाकं वेगळी, स्प्रिंगा वेगळ्या, म्हणून उंची वेगळी.”

“दातांचंही तसंच असतं,” डॉक्टर म्हणाले. ते कुठल्याही विषयावर एवढंच बोलत आणि पुढचं स्वतः समजून घ्यावं लागे.

शोरूममधल्या विक्रेत्या मुलीचंही मत चेअरमनसारखंच निघालं. ती गोड हसून म्हणाली, “सर, सेमच आहेत सगळ्या. यात सनरूफ आहे आणि यात नाही.” मिलिमीटररावांनी तिच्याकडे, अर्धवट नकाशा घेऊन आलेल्या ठेकेदाराकडे बघावं तसं पाहिलं आणि खिशातून मोजपट्टी काढली. पुढचा तासभर त्या चकचकीत फरशीवर एक सभ्य, पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे घातलेला गृहस्थ एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली सरपटत होता. एक जोडपं गाडी बघायला आलं होतं. त्यातली बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, “इथल्या गाड्यांतून काहीतरी गळतं वाटतं,” आणि दोघं निघून गेली. विक्रेत्या मुलीचं हसू तेव्हा पहिल्यांदा कमी झालं.

पण मिलिमीटररावांचं म्हणणं खरं निघालं होतं! गाडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला धूळ आणि तोंडावर तेज होतं. ‘स्पोर्ट’ नावाची गाडी सगळ्यांत बसकी. साधी गाडी तिच्याहून किंचित वर. मधली आणखी वर. आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाची, चारही चाकांना जोर मिळणारी, ती सगळ्यांत उंच. नाव एकच, चेहरा एकच, पण शेजारी शेजारी उभ्या केल्या तर चार सख्ख्या भावंडांसारख्या कमी-जास्त. मुलीनं माहितीपत्रक दाखवलं. त्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिलेली उंची रिकाम्या गाडीची आहे.’ ते वाक्य मिलिमीटररावांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली. प्रामाणिक कंपनी आहे, एवढंच त्यांना त्या वेळी वाटलं.

हिशेबानं मधली गाडी पुरेशी होती. सीट रेघेच्या जरा खाली येत होती, पण चालून गेलं असतं. त्यांनी चाचणीसाठी गाडी घरी मागवली आणि उंचवट्यावरून आत नेली. आवाज नाही! मागे घेतली. आवाज नाही! मिलिमीटररावांना गाण्याचं अंग नव्हतं, तरी ते काहीतरी गुणगुणले. तेवढ्यात मागची दोन्ही दारं उघडली आणि चेअरमन, मॅनेजर व डॉक्टर एकापाठोपाठ एक आत शिरले.

“आम्हालाही बघू द्या की,” मॅनेजर म्हणाले. “दोन डोळ्यांपेक्षा आठ बरे.”

गाडी पुन्हा उंचवट्यावर गेली आणि खर्रर्र झालं. जुन्या गाडीचं परवडलं म्हणावं असं, लांबलचक आणि खर्जातलं. वर तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या बायकोनं सवयीनं चहा टाकला.

“बघा, मी म्हणालो होतो,” चेअरमन म्हणाले. ते काय म्हणाले होते हे कुणालाच आठवेना.

“तुम्ही तिघं बसलात म्हणून गाडी खाली दबली!” मिलिमीटररावांचा आवाज चढला.

“म्हणजे आम्ही जाड आहोत, असं म्हणायचंय का तुम्हाला?” मॅनेजर उतरता उतरता म्हणाले. ते उतरले तशी गाडी सुटकेचा श्वास सोडावा तशी वर आली. शोरूमचा माणूस गाडीखाली वाकून ओरखडा शोधत होता, त्यामुळे त्या भांडणात कुणी मध्ये पडलं नाही.

मग उंचवटाच थोडा कमी करता येईल का, असा रीतसर अर्ज मिलिमीटररावांनी सोसायटीकडे दिला. कार्यकारिणीची बैठक झाली. चेअरमननी आधी उंचवट्याचा इतिहास सांगितला. मग पाणी किती आलं होतं ते हातानं दाखवलं. दर वेळी दाखवताना ते पाणी थोडं वाढत असे, त्या दिवशी छातीपर्यंत पोचलं. मिलिमीटररावांनी नकाशा पुढे ठेवला आणि उंचवटा अंगठ्याएवढा तासला तरी पाणी कसं अडेल ते समजावलं. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी निर्णय असा झाला की उंचवटा हा सर्वानुमते झालेला ठराव असून त्यात बदल करायचा तर तोही सर्वानुमते व्हावा लागेल, आणि चेअरमनची अनुमती नसल्यामुळे तो होऊ शकत नाही. मात्र मिलिमीटररावांच्या भावना लक्षात घेऊन पट्टे पुन्हा रंगवण्यात येतील. दुसऱ्या दिवशी रंगवलेही. ओल्या रंगावरून जुनी गाडी गेली आणि तिच्या पोटाला पिवळा पट्टा लागला.

मिलिमीटररावांच्या जागी दुसरा कुणी असता तर गाडी रस्त्यावर लावायला लागला असता. पण हे गडी मागे हटणाऱ्यांतले नव्हते. “अ‍ॅडव्हेंचर,” ते बायकोला म्हणाले. “माणसं भरली तरी घासणार नाही. आणि सीट बरोबर रेघेवर येते. बरोबर म्हणजे बरोबर! आईसाठीच बनवलीय जणू.”

“आईंना एकदा शोरूमला नेऊन बसवून बघा की,” बायको म्हणाली.

“नेऊ कशातून? रिक्षात तर आणखी वाकून चढावं लागतं. त्यासाठीच तर गाडी घेतोय.”

गाडी आली. पहिल्या संध्याकाळी ती उंचवट्यावरून मांजराच्या पावलांनी आत गेली आणि डॉक्टरांच्या घरी चहा उशिरा झाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून, पर्स हातात घेऊन, एकेक पायरी उतरत खाली आली. मावशीला तिनं फोनवर बजावलं होतं, “येतेय. पडदे काढून ठेवू नकोस, मला ते आहेत तसे बघायचेत.” मिलिमीटररावांनी दार उघडून धरलं. आई पाठमोरी झाली, दाराचा वरचा दांडा धरला आणि टेकायला गेली.

सीट तिच्या पाठीला लागली.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. टाचा उचलायला गेली, पण गुडघे सरळ होईनात. दात खाऊन अंग वर ओढलं. कपाळावर घाम आला. दोन बोटं, फक्त दोन बोटं कमी पडत होती. फाटकापाशी उभे असलेले तिघे पुढे सरसावले. “धरू का?” मॅनेजरांनी हात पुढे केले. आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी हात खिशात घातले.

“राहू दे,” आई मिलिमीटररावांना म्हणाली. “गाडी छान आहे हो. रंगही चांगला आहे. पडदे काय, कुठे पळून जात नाहीत.” आणि ती पर्स सांभाळत परत जिना चढायला लागली. चढायला तिला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. तोपर्यंत मिलिमीटरराव उघडं दार धरून तिथेच उभे होते. त्यांना रडू येत होतं, पण फाटकापाशी तिघे होते.

मग सल्ल्यांचा सुकाळ झाला. चेअरमन म्हणाले, पायाखाली स्टूल ठेवा. स्टूल आणलं, ते हललं आणि आई म्हणाली, हे धरायला माणूस लागणार, मग तो माणूस मलाच का नाही धरणार? मॅनेजर म्हणाले, गाडी फुटपाथला लावा. लावली. फुटपाथ उंच, आता सीट गुडघ्याच्या खाली गेली. तिच्यात बसलं तर पुन्हा एक-दोन-तीन करूनच बाहेर यावं लागलं असतं. डॉक्टर बराच विचार करून म्हणाले, चाकांतली हवा काढा. हवा काढली. गाडी नखभर खाली आली आणि रस्त्यावर अशी लटपटत चालली की पेट्रोल पंपावरच्या माणसानं विचारलं, काय झालं हिला?

सर्व्हिस सेंटरमध्ये तर त्यांना समोर बसवून, पाणी देऊन ऐकवण्यात आलं. “सर, लोक आमच्याकडे गाडी उंच करून मागतात. सगळ्यांत उंच गाडी घेऊन ती खाली करून मागणारे तुम्ही पहिलेच.”

“होईल का?”

“होईल, पण वॉरंटी जाईल. आणि नोंदणीवाले विचारतील, उंची का बदलली. काय सांगाल?”

“आईची उंची कमी भरली म्हणून, असं सांगेन!”

त्या माणसानं पाण्याचा आणखी एक ग्लास पुढे केला.

घरी येऊन मिलिमीटररावांनी चौकटीवरची रेघ पुन्हा मोजली. मग खाली जाऊन सीट मोजली. दोन्ही तंतोतंत! आयुष्यात पहिल्यांदाच मोजपट्टी त्यांच्याशी खोटं बोलत होती. “काय चुकलं तेच कळत नाही,” ते स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकले. “एक मिलिमीटरचा फरक नाहीये.”

बायकोनं गॅस बारीक केला आणि आवाजही. “तुम्ही माप घेतलंत तेव्हा आईंनी टाचा उचलल्या होत्या.”

“काय?”

“आणि गुडघे ताणून सरळ केले होते. एरवी त्या तशा उभ्याच राहत नाहीत. मी इथून बघत होते.”

“अगं मग बोलायचं होतंस!”

“काय बोलणार? इतक्या दिवसांनी त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही रेघेकडे बघत होतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.”

बाहेर आई फोनवर मावशीला सांगत होती की गाडीला थोडं काम निघालंय, मोठं काही नाही, नव्या गाड्यांचं होतंच असं. मुलाची चूक म्हणून तिनं अवाक्षर काढलं नाही. आणि पुन्हा माप द्यायला उभी राहा, या खेपेला खरं, हे तिला सांगायची मिलिमीटररावांची छाती नव्हती. नकाशे परत पाठवणं वेगळं. हा नकाशा परत कसा पाठवायचा?

पण हार मानतील तर ते मिलिमीटरराव कसले! दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या त्यांनी गाडी फाटकाबाहेर लावली, पुढचं दार उघडलं आणि मोजपट्टी घेऊन खाली गुडघ्यांवर बसले. सीटची गादी बदलली तर किती, खालचा पत्रा किती, असं पुटपुटत होते. उकाडा चांगलाच होता. फाटकापाशीचे तिघे थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग मॅनेजर म्हणाले, “एसी चालू आहे वाटतं,” आणि तिघे मागच्या सीटवर जाऊन बसले. आत बसल्या बसल्या गाडीनं किती मायलेज द्यायला हवं यावर त्यांची चर्चा सुरू झाली.

मिलिमीटररावांच्या हातातली मोजपट्टी मध्येच वाकली. त्यांनी डोळे बारीक केले. सरळ करून पुन्हा लावली. सीट खाली आली होती.

“हलू नका!” ते ओरडले.

तिघांनी श्वास रोखले. मॅनेजरांना वाटलं साप आहे.

“चेअरमनसाहेब, तुम्ही जरा पुढे सरकून बसा. अजून. बास! डॉक्टर, पाय आत घ्या.” त्यांनी पुन्हा मोजलं आणि ते तिथेच रस्त्यावर बसले. दोन बोटं. बरोबर दोन बोटं! ‘दिलेली उंची रिकाम्या गाडीची आहे,’ असं कंपनीनं लिहिलंच होतं. वाचलं होतं, मान हलवली होती आणि विसरलो, असं मनाशी म्हणून मिलिमीटररावांनी स्वतःच्या कपाळावर मोजपट्टी मारून घेतली.

आता प्रश्न एवढाच होता की तीन प्रतिष्ठित गृहस्थांना, तुमचं वजन हवंय, हे सांगायचं कसं? एकदा त्यावरून भांडण झालेलं होतं. मिलिमीटररावांनी आयुष्यात खोटं माप लिहिलं नव्हतं, पण आईसाठी थोडी वाकडी वाट धरायला ते तयार झाले. उठले, पँट झटकली आणि गंभीर चेहरा करून खिडकीतून आत वाकले.

“जरा एक अडचण होती. मावशीच्या घरी हिरवे पडदे लावलेत. ते योग्य आहेत की नाहीत, यावर जाणकारांचं मत हवं होतं.”

सल्ला न मागता देण्यात तिघांची हयात गेली होती. कुणी आपण होऊन मागितल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

“कधी निघायचं?” चेअरमननी विचारलं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गाडी रिकामी उंचवट्यावरून बाहेर आली आणि फाटकासमोर उभी राहिली. तिघे इस्त्रीचे कपडे घालून आले आणि मागे बसले. गाडी सावकाश खाली बसली. मिलिमीटररावांनी सगळ्यांची नजर चुकवून एकदा मोजपट्टी लावली आणि खिशात टाकली.

“आणि सूनबाई कुठे बसणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी बसनं येते,” सडपातळ बायको म्हणाली. “माझा इथे काही उपयोग नाही.” हे ती का म्हणाली ते एकट्या मिलिमीटररावांनाच कळलं.

आई खाली आली. तेच ठेवणीतले कपडे, तीच पर्स. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून दाटीवाटीनं बसलेल्या तिघांकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. पाठमोरी झाली, दांडा धरला आणि टेकली. सीट तिथेच होती. तिनं एक पाय आत घेतला, हातानं दुसरा घेतला, पर्स मांडीवर ठेवली आणि समोर बघत म्हणाली, “चला. उशीर होतोय.”

मिलिमीटरराव गाडीला वळसा घालून आपल्या दाराशी आले, पण चटकन आत बसले नाहीत. चष्मा पुसण्यात थोडा वेळ गेला.

वाटभर मागून सल्ले येत होते. हा रस्ता का घेतला, त्या सिग्नलला डावीकडे वळायला हवं होतं, गिअर उशिरा बदलला, हिरव्या पडद्यांना सोनेरी दोरी लावतात की पांढरी. डॉक्टर म्हणाले, दातांचंही तसंच असतं. आई खिडकीची काच खाली करून बाहेर बघत होती. एवढी दुकानं कधी झाली, तिनं दोनदा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचं दुकान बघायला लागली.

मावशी दारातच उभी होती. गाडी थांबली मात्र, चेअरमन उत्साहानं मागचं दार उघडून उतरायला निघाले. त्यांचा एक पाय जमिनीला टेकला, गाडी हलली आणि मिलिमीटररावांनी झटकन मागे पाहिलं. चेअरमन उतरले की मॅनेजर उतरणार, मॅनेजर उतरले की आई वरच राहणार, आणि मग सगळ्या गल्लीसमोर एक-दोन-तीन.

“चेअरमनसाहेब,” आई मागे न बघता म्हणाली, “पाय आत घ्या. आधी मी.”

चेअरमननी पाय आत घेतला.

आईनं दोन्ही पाय बाहेर काढले, जमिनीवर नीट टेकवले, दांडा धरला आणि उभी राहिली. स्वतःची स्वतः. मग मागे वळून म्हणाली, “हं. आता या तुम्ही सगळे.” तिघे उतरले आणि गाडी वर आली. मावशी तोपर्यंत फाटकापर्यंत आली होती. दोघी बहिणी एकमेकींना मिठी मारून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि फोनवर ज्यांची बडबड थांबत नसे त्या दोघी अशा गप्प झालेल्या पाहून तिघा जाणकारांनाही काही सुचेना.

पडदे आईनं लांबून बघितले, जवळून बघितले, हातात घेऊन बघितले. खोलीत ऊन पूर्वेकडून येत होतं आणि हिरव्यातून गाळून जमिनीवर पडत होतं. “बरे आहेत,” ती म्हणाली. मावशीनं हे ऐकून तिला आणखी एकदा मिठी मारली. तिघा जाणकारांचं मत मात्र विरुद्ध पडलं आणि त्यांनी ते संध्याकाळपर्यंत सांगितलं.

निघताना सगळं पुन्हा त्याच क्रमानं झालं. आधी तिघे मागे बसले, गाडी खाली आली, मग आई टेकली. मिलिमीटरराव तिचं दार लावायला वाकले तेव्हा तिनं त्यांची बाही धरली. मागे मॅनेजर पडद्यांच्या दोरीबद्दल मोठ्यानं बोलत होते, त्यामुळे तिचं बोलणं फक्त मुलालाच ऐकू आलं.

“लहानपणी तुझं एक बोट कमी धरायची मी,” ती म्हणाली. “म्हातारपणी दोन धरायची असतात रे.”

मिलिमीटररावांनी मान हलवली आणि दार हळूच लावलं.